रिकाम्या गाडीत धरलेली जागा

मित्रमंडळी त्याला भिंगरी म्हणत, आणि त्यात अतिशयोक्ती अजिबात नव्हती. परदेशात येऊन त्यानं लिफ्ट दुरुस्तीची नोकरी धरली होती. आठवडाभर उंच इमारतींच्या पोटात, ग्रीसनं माखलेल्या दोरांशेजारी अंधारात उभं राहायचं आणि सुट्टी लागली रे लागली की पाठीला पिशवी अडकवून पसार व्हायचं. आज हा किल्ला, उद्या तो तलाव. एका दिवसात तीन गावं उरकून यायचा, आणि मधल्या गावात काय होतं असं विचारलं की मोबाइलमधले फोटो बघून सांगायचा. घराखालच्या केशकर्तनालयात कोण बसतं, हे मात्र या गृहस्थाला अजून ठाऊक नव्हतं.

बायको वाचनालयात कामाला. लग्नानंतर वर्षभर तीही त्याच्यामागे धावली, मग दमून घरी राहू लागली. आता तिला सातवा महिना होता आणि तिची आई पहिल्यांदाच आली होती. बाळंतपणापर्यंत आणि नंतरही आईनं राहावं, अशी तिची फार इच्छा. इथं तिला जवळचं असं दुसरं कुणी नव्हतं. पण विचारलं की सासूबाई नुसतं "बघू" म्हणायच्या आणि विषय बदलायच्या. बायको स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायची.

भिंगरीनं यातून आपल्याला सोयीचा अर्थ काढला. सासूबाईंना देश आवडलेला नाही! मग काय, देश दाखवायचा. त्यानं त्यांना राजवाडे, धबधबे, संग्रहालयं अशी काही फिरवली, की त्या माउलीला कलाकुसर दिसेना, फक्त खुर्च्या दिसायला लागल्या. आणि राजवाड्यातल्या खुर्च्यांना नेमकी दोरी बांधलेली. "अहो जावईबापू, जरा टेकू द्या की," त्या म्हणायच्या. "आई, पुढे याहून छान आहे!" हा म्हणायचा. पुढे जिना असायचा.

त्या रविवारी दोघं डोंगरमाथ्यावरचं गाव बघायला निघाले. स्टेशन घराजवळचंच. फलाटावर ही दोघं आणि एक झाडूवाली बाई, बाकी शुकशुकाट. गाडी आली मात्र, भिंगरीच्या अंगात गावाकडच्या बसस्टँडवरचं पोर संचारलं. "आई, तुम्ही सावकाश या, मी जागा धरतो!" असं ओरडून त्यानं डब्यात उडी घेतली. एका बाकावर रुमाल टाकला, समोरच्यावर टोपी ठेवली आणि विजयी मुद्रेनं वळून बघितलं. डब्यात चिटपाखरू नव्हतं. दारं आपोआप बंद झाली. काचेपलीकडे सासूबाई, त्याच्याच सांगण्याप्रमाणे, सावकाश येत होत्या.

अडकलेली दारं उघडणं हाच ज्याचा धंदा, तो माणूस बंद दारावर नुसत्या थापा मारत राहिला.

सासूबाईंना इथली भाषा येत नव्हती, घराचा पत्ता पाठ नव्हता, आणि त्यांचा फोन फोटो चांगले येतात म्हणून यानंच खिशात घातला होता. पुढचं स्टेशन येईपर्यंत त्यानं यच्चयावत देवांचा धावा केला. बायकोला काय तोंड दाखवायचं? उलटी गाडी पकडून तो घामाघूम परतला, तेव्हा सासूबाई बाकावर मांडी घालून बसल्या होत्या. शेजारी झाडूवाली. दोघी आपापल्या भाषेत गुडघेदुखीवर बोलत होत्या आणि त्यांचं पूर्ण एकमत होतं. याला बघून झाडूवाली उठली, आणि जाताना अशी नजर टाकून गेली की याला कोणी कान पिळल्यासारखं वाटलं.

"आई, चुकलं माझं. पुढची गाडी आहेच, आपण आता..."

"बसा."

तो बसला. म्हणजे कडेला टेकला.

"देश छानच आहे हो. पण मी देश बघायला नाही आले, तुम्हाला बघायला आलेय. लग्न ठरवताना ते राहूनच गेलं. तेव्हाही तुम्ही कुठल्याशा डोंगरावर होता. फोनवर नुसतं कपाळ दिसत होतं."

"पण आई, मी..."

"पोरगी म्हणते, राहा. राहीन हो मी. पण मी काय तिला जन्माला पुरणार आहे? मी गेल्यावर लेकरू तुमच्या मांडीवर झोपलं, तर ते उठेपर्यंत हलायचं नाही. जमेल? आल्यापासून तेवढंच बघतेय. एका जागी बसलेले तुम्ही मला अजून दिसला नाहीत."

त्याला ते फार लागलं, कारण खरं होतं.

गाडी आली. त्याचे पाय आपसूक उठायला निघाले. त्यानं दोन्ही हातांनी बाकाची कड घट्ट धरली. दारं उघडली, मिटली, गाडी गेली.

"ही एक," सासूबाई म्हणाल्या. "अजून दोन जाऊ द्या. मग पोरीला सांगते, राहतेय म्हणून."

"ती लहानपणी कशी होती?" त्यानं विचारलं. खरं तर वेळ काढायला.

सासूबाई सांगू लागल्या. पोरगी म्हणे बापाच्या मांडीवरच झोपायची. पायाला मुंग्या येवोत नाहीतर दारात पाहुणे उभे राहोत, बाप हलायचा नाही. एकदा खुद्द साहेब घरी आले, तर यांनी बसल्या जागेवरून मान लववली आणि ओठांवर बोट ठेवून साहेबांनाही गप्प केलं. भिंगरी हसायला लागला, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आपल्या बायकोबद्दल त्यानं हे कधी विचारलंच नव्हतं.

फोन वाजला. बायकोच होती. "पोचलात का? काय काय बघून झालं?"

"अजून स्टेशनावरच आहोत," तो म्हणाला. "किती गाड्या गेल्या, ते मात्र विसरलो बघ."

सासूबाईंनी हात पुढे करून फोन घेतला.

"अगं, मी राहतेय हं," त्या म्हणाल्या. "आणि आता यांना उठवू नकोस. बसलेत."