शय्यादानातली खुर्ची

खुर्ची आली तेव्हा सुमतीबाईंना जाऊन आठवडा झाला होता. टेम्पोवाल्याने सही मागितली, मधुकररावांनी ती केली. भूमी अभिलेख कार्यालयातली सगळी नोकरी सह्या करण्यात गेलेली. हात आपोआप चालला.

रामदासपेठेतल्या त्यांच्या फ्लॅटमधली प्रत्येक वस्तू सुमतीबाईंनी निवडलेली. त्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. ही खुर्ची त्यांनी मुलाकडे, बंगळुरात, एका दुकानात पाहिली होती. इटलीतल्या कुणा वास्तुविशारदाने सत्तरेक वर्षांपूर्वी आखलेली, मध्यंतरी बंद पडलेली आणि आता त्याच कंपनीने जुन्या आराखड्यांवरून पुन्हा काढलेली. अक्रोडाचे बारीक पाय, हळदी रंगाचं कापड, बैठक जमिनीलगत. इतक्या खाली बसून उठायचं कसं, एवढंच मधुकरराव म्हणाले होते.

"मी बसणार आहे. तुम्ही आपली जेवणाची खुर्ची धरून बसा," असं उत्तर मिळालं.

खुर्ची मागवली, पण जहाजाला उशीर होत गेला. मध्येच एका सकाळी चहा करता करता सुमतीबाई ओट्याशी कोसळल्या.

मधुकरराव रडले नाहीत. भेटायला येणाऱ्यांना ते एकच सांगत, तिला त्रास झाला नाही. खुर्चीभोवतीचा पुठ्ठा काढायचं कुणाला सुचलं नाही.

सुचलं ते रामटेकच्या भैयाजींना, सुमतीबाईंच्या थोरल्या भावाला. बाराव्या दिवशी शय्यादान होतं. पलंग, गादी, छत्री, चपला असं कोरं सामान गुरुजींना द्यायचं. ते गेलेल्या माणसाला पोचतं. भैयाजींनी पुठ्ठा स्वतः फाडला.

"तिले हेच खुर्ची पाहिजे होती. जीव अडकला असन तिचा. पलंगासोबत हेबी देऊन टाका."

मुलगा अपूर्व वडिलांकडे बघत राहिला. मधुकररावांना ती द्यायची नव्हती, पण का, ते सांगता येईना. त्यांनी मान हलवली. ते सोपं होतं.

बाराव्याला सकाळी दिवाणखान्यात पलंग मांडला, शेजारी खुर्ची. अपूर्व पाटावर बसला, गुरुजी संकल्प सांगू लागले. मधुकरराव सकाळपासून उभेच होते. ते दोन पावलं मागे सरले आणि बसले. बैठक खोल होती, गुडघे वर आले. त्यांनी पाठ टेकली.

"काहून बसले गा, मधुकरराव?" भैयाजी म्हणाले. "आता वापरलेली झाली ना ते."

गुरुजी थांबले. वापरलेली वस्तू दानात घेता येत नाही, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. शिवाय महाल भागातल्या आपल्या घराच्या अरुंद जिन्यातून ती वर गेलीही नसती, हेही.

"पाय दुखत होते," मधुकरराव म्हणाले. ते उठले नाहीत.

"मंग माह्या बहिणीले काय पोचलं?"

गुरुजींनी संकल्प पुढे चालू केला.

भैयाजी जेवले आणि दुपारच्याच गाडीने रामटेकला निघून गेले. बाबा, मुद्दाम बसलात का, असं अपूर्वने विचारलं. मधुकररावांनी प्रश्न नीट ऐकून घेतला, त्यावर विचार केला आणि माहीत नाही म्हणून सांगितलं. ते खरं होतं.

खुर्ची कुठे ठेवायची, हे सुमतीबाईंनी ठरवलं असणार. कुणाला सांगितलं नव्हतं. पलंग गेल्यावर दिवाणखान्याच्या मधोमध ती एकटीच उरली, जाता-येता पायात येणारी. अपूर्व ती उचलायला वाकला.

"राहू दे तिथेच," मधुकरराव म्हणाले.