जीपमध्ये पिकत घातलेली केळी

गेल्या महिन्यात आमची जीप बघायला पहिलं गिऱ्हाईक आलं... आणि नेमकी त्याच सकाळी बाबांनी जीपमध्ये केळी पिकत घातली होती.

आधी जीपबद्दल सांगतो. उमेळ्यात आमच्या घरामागच्या शेडमध्ये ती माझ्या जन्माआधीपासून आहे. बाबा तिच्यातून वाडीतली केळी वसईच्या बाजारात न्यायचे. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर त्यांनी स्टिअरिंग सोडलं आणि ती तिथेच गंजत पडली.

मग मी आणि माझ्या गॅरेजवाल्या मित्राने सुट्ट्यांच्या दिवशी खपून ती पुन्हा उभी केली. इंजिन उतरवलं, सडलेला पत्रा बदलला, मूळचा हिरवा रंग दिला, ताडपत्रीचं नवं हूड शिवून घेतलं. बाबा खुर्ची टाकून बाजूला बसायचे. मागच्या लाकडी फळीवरचे केळीच्या चिकाचे काळे डाग तेवढे त्यांनी घासू दिले नाहीत.

आता त्या जागेवर बिल्डिंग येतेय. शेड जाणार, आणि नव्या पार्किंगमध्ये आमच्या वाट्याला एकच गाडी. "जीप देऊन टाक कोणाला तरी," हे बाबाच म्हणाले. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे मला माझ्याच कानांवर शंका यायला लागली.

तर पहिलं गिऱ्हाईक विरारचं. त्यांना जीप रिसॉर्टच्या गेटवर ठेवायची होती, लोकांना सेल्फी काढायला. मी ऐटीत शेडमध्ये नेलं, तर मागे सुक्या पानांवर दोन भलेमोठे घड, वर गोणपाट...

"आज गाडी हलणार नाही, केळी पिकत घातलीत," बाबा शांतपणे म्हणाले. (ते घरच्या बोलीत बोलतात, मी इथे सोपं करून लिहितोय.) आमच्याकडे पिकत घातलेली केळी हलवत नाहीत, हे खरं. पण म्हणून जीपमध्ये?

साहेबांनी हसत गोणपाट उचलून आत बघितलं. "काका, बाजूला काढून ठेवा ना, दो मिनट का काम है." बाबांनी त्यांना चहा पाजला आणि गेटपर्यंत सोडलं.

मी विचारलं, बाबा, काल सांगितलं होतं ना लोक येणार म्हणून? "हो." मग? "घड कापायला झाले होते." विषय संपला.

दुसऱ्या वेळीही तेच. एक तरुण मुलगा आला होता, त्याला मोठे टायर आणि स्पीकर बसवायचे होते. गोणपाट बघून तो म्हणाला, "अंकल, वास बसेल ना गाडीला." पुन्हा चहा, पुन्हा गेटपर्यंत. वर बाबा मला म्हणतात, "पोरगा चांगला आहे."

आता मात्र मी घाबरलो. घरात केळी पिकवायला माळा आहे, आयुष्यभर केळी तिथेच पिकली. बाबांना विसरायला होतंय का? शेजारच्या एका काकांचं असंच सुरू झालं होतं... मी गुपचूप डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली. आईलाही सांगितलं नाही.

मग सांडोरचे एक गृहस्थ आले. बँकेत नोकरी, घरची थोडी केळीची बाग. जीपमध्ये अर्थातच केळी होती. मी माफी मागायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी गोणपाट न उचलता कडेने आत हात सरकवला. थोडा वेळ ऊब बघितली, मग गोणपाट नीट खोचून ठेवलं.

"परवा होतील. मी परवाच येतो," ते बाबांना म्हणाले. इंजिनकडे ढुंकूनही बघितलं नाही.

बाबांनी त्यांना चहा विचारलाच नाही. जेवायला थांबवलं. दोघं जेवताना केळीबद्दलच बोलत राहिले. मी जीपचे कागद हातात घेऊन खुळ्यासारखा बसलो होतो.

ते सांगितल्याप्रमाणे आले, व्यवहार झाला. निघताना बाबांनी वाडीतून नुकताच कापलेला हिरवा घड आणला, त्या डागांच्या फळीवर ठेवला आणि वर गोणपाट घातलं. "रिकामी गाडी देऊ नये." मी म्हटलं, अहो, पण पिकत घातलेली केळी हलवायची नसतात ना? "सांडोर कितीसं लांब आहे?" झालं.

जीप गेली. शेडमध्ये नुसती तेलाच्या डागांची जमीन उरली. बाबा तिथेच खुर्चीवर बसून राहिले, मीही शेजारी बसलो. मला रडू येत होतं, का ते नीट सांगता येत नव्हतं.

शेवटी विचारलं, "त्या दोघांना द्यायची नव्हती, तर सरळ नाही का नाही म्हणालात?"

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू विसरायला मलाच होतंय. "घरी आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं?"

या रविवारी गेटवर ओळखीचा हॉर्न वाजला. सांडोरचे पाहुणे त्याच घडातली पिकलेली फणी घेऊन आले होते. बाबांनी एक केळं सोललं, सावकाश खाल्लं. म्हणाले, "एक दिवस घाई केलीत." मग चपला घातल्या आणि कोणी बोलावलं नसताना जाऊन जीपमध्ये पुढे बसले. पाहुण्यांनीही काही न विचारता गाडी सुरू केली आणि दोघं फेरी मारायला गेले.

मी गेटपाशी उभा. हातात फणी. जीप विकली गेली की नाही, मला अजून नक्की कळलेलं नाही... सांडोरच्या पाहुण्यांचे आभार कसे मानायचे, तेही कळत नाहीये.

डॉक्टरची अपॉइंटमेंट मात्र तिथेच उभ्या उभ्या फोन करून रद्द केली.