हरकत न्हाई

भूकंपाला बरीच वर्षं उलटली, तरी माझी आई स्लॅबखाली झोपत नव्हती. त्या पहाटे लातूरच्या आमच्या घरातून ती पळाली ती थेट शेजारच्या बोळात. बोळ कागदावर शेजाऱ्याचा, पण नियमानं मोकळा सोडलेला. तिथंच तिची खाट पडली. पावसात वर ताडपत्री. मी चिडायचो, "लोक म्हणतील, पोरगा आईला बाहेर झोपवतो!" तर म्हणायची, "पडलं तर आभाळ पडंल, स्लॅब तर न्हाई."

पुढं क्लासेसचं पेव फुटलं. गावोगावची पोरं डॉक्टर व्हायला लातुरात उतरली आणि आमच्या गल्लीतल्या घराघराला होस्टेलची स्वप्नं पडायला लागली. अशात पेपरात जाहिरात आली: बांधकामाचे नियम सैल करणार, मजले वाढवू देणार, बाजूला सोडायची जागा कमी करणार, हरकती व सूचना मागवल्या आहेत. शेजारी पेढे घेऊनच आला. "आता भिंत तुमच्या भिंतीला आणून टेकवतो बघा!"

मी तडकलो. बायको म्हणाली, हरकत लिहून द्या. मी म्हटलं, लिहून काय द्यायचं, तोंडावर सांगतो!

सुनावणीला ही गर्दी. कुणी म्हणालं, वर जाऊ द्या, जमीन कुठं उरलीय? कुणी म्हणालं, मजले वाढवाल, पाणी कुठून आणाल? मग देवणीकडचा एक शेतकरी उठला. "साहेब, माझी पोरगी एका खोलीत सहाजणींत ऱ्हातीय. संडासाच्या रांगेत पुस्तक वाचती. खोल्या वाढल्या न्हाईत तर आमच्या पोरींनी ऱ्हावं कुठं?" मला गलबलून आलं, आणि त्याचाच राग आला. माणूस खरं बोलत होता, अन् माझ्या आईची जागा मागत होता.

माझा नंबर आला. साहेब घड्याळ बघत म्हणाले, "वेळ संपत आलाय. दोन मिनिटांत आटपाल ना?"

"हरकत नाही," मी म्हणालो. आपल्याकडं चहाला उशीर झाला तरी हेच, कुणी पाय तुडवला तरी हेच. कारकुनानं मान खाली घालून ते लिहून घेतलं आणि पुढचं नाव पुकारलं.

"अहो, मला हरकत आहे!" मी ओरडलो.

"आत्ताच तर नाही म्हणालात!" कुणीतरी मागून म्हणालं आणि सगळं सभागृह हसलं. मीही हसलो, गाढवासारखा. तेवढ्यात त्या देवणीच्या माणसाकडं नजर गेली. पुन्हा माइक मागायचं बळच राहिलं नाही. बसलो खाली.

घरी आलो तेव्हा आई बोळात खाटेवर शेंगा फोडत होती. "सांगितलंस का रे?"

सगळं सांगितलं. माफी मागायची सोडून तिच्यावरच खेकसलो, "किती वर्षं भ्यायचं आता!"

तिनं टरफलं गोळा केली. मग म्हणाली, "त्या पोरीला खोली मिळंल का मग?"

"मिळेल बहुतेक."

"हरकत न्हाई." उठली, खाटेचं एक टोक धरलं. "धर की तिकडून. आत घेऊ."

उंबऱ्याशी आल्यावर ती थांबली आणि वर स्लॅबकडं बघत राहिली. तिच्या हातातलं खाटेचं टोक थरथरत होतं, ते मला माझ्या टोकाला कळत होतं.