शेवंतीवरचा उजेड

मंडईत शेवंतीचा कडसर वास आला की मला धायरीतली आमची सोसायटी नवी होती ते दिवस आठवतात. आयटीतल्या नोकऱ्यांमुळे पुण्यात आलेले आम्ही सगळे नवखे, भोवती अजून शेतं होती. अंधाराची भीती वाटायची, म्हणून कुंपणाशी खांब उभारून त्यावर मोठा हॅलोजन लावला. एका रविवारी सोसायटीची मीटिंग चालू असताना शेजारच्या शेतातल्या मावशी आल्या. हातात तेलाचा डबा कापून केलेलं झाकण होतं. "दिवा बंद करा म्हनत न्हाई," त्या म्हणाल्या, "ह्ये टोपडं तेवढं घाला त्याला. उजेड तुमच्याच दारात पडंल. रातभर उजेड असला की शेवंती कळीच धरत न्हाई." अध्यक्ष म्हणाले, "मावशी, आता झाडांनाही आम्हीच निजवायचं का?" सगळे हसले. सेक्रेटरी मी होतो. हसत हसतच "बघतो" म्हणालो आणि ते झाकण मीटर रूममध्ये टाकलं. दसऱ्याला त्यांच्या शेताचं पलीकडचं टोक पिवळंधमक झालं. आमच्या बाजूचे वाफे नुसतेच हिरवे राहिले. बाल्कनीतून ते स्पष्ट दिसायचे, रात्रीसुद्धा. मावशी पुन्हा काही सांगायला आल्या नाहीत. पुढे शेत गेलं आणि तिथे बारा मजले उभे राहिले. गेल्या महिन्यात मीटर रूम आवरताना ते टोपडं सापडलं. बांधायची तारसुद्धा त्यांनी ओवून ठेवलेली होती, तशीच. शिडी लावून मी ते दिव्यावर बसवलं. दहा मिनिटं लागली.