कच्च्या चिकूचा वास

“अगं, तो काळा थर पुसू नकोस, त्यामुळेच पोलाद गंजत नाही,” प्रयोगशाळेत पलीकडच्या टेबलापाशी मॅडम कुणाला तरी सांगत होत्या. माझ्या बीकरमध्ये कच्च्या चिकूच्या सालींचा अर्क होता. त्या तुरट वासासरशी मी बोर्डीच्या आमच्या चिकूच्या वाडीत पोहोचले.

बाबा कोयत्याला कच्चा चिकू चोळून ठेवायचे. त्यांना खूश करायला मी एकदा तो काळा कोयता घासून लख्ख केला. खाऱ्या वाऱ्याने दोन दिवसांत गंज चढला.

“कोणी केला हा शहाणपणा?” बाबांनी विचारलं.

“मीच,” आई म्हणाली. मी तिच्या पाठीमागे सरकले. बाबा पुन्हा चिकू चोळत बसले.

कबूल केलं असतं, तर त्यांनी मला शेजारी बसवून शिकवलं असतं. आता बाबा नाहीत. पोलादाची पट्टी अर्कात सोडताना मी हलकेच म्हणाले, “बाबा, कोयता मी घासला होता. कसं चोळायचं, दाखवा ना.”