आंबील चाखल्याशिवाय नाही

अंबाजोगाईत एका किराणा दुकानाच्या वर आमचं ऑफिस होतं. दोन कॉम्प्युटर, फोनच्या तारेवर रडतखडत चालणारं इंटरनेट आणि खिडकीशी गॅसची शेगडी. स्वयंपाक, सणवार, कपडालत्ता, घर सजवणं असल्या विषयांची मराठी वेबसाइट आम्ही काढत होतो. मालक पुण्याचे. मजकुराचं काम त्यांनी अंबाजोगाईला दिलं ते केवळ बाईंमुळे. बाईंनी बरीच वर्षं एका दैनिकात पाककृतींचं सदर चालवलं होतं. मी चौसाळ्याची, बीडला कॉम्प्युटरचा कोर्स करून आलेली. लेख चढवायची एक परदेशी, फुकट मिळणारी प्रणाली आमच्या कामापुरती बसवून देणं हे माझं काम.

त्या प्रणालीत लेखाच्या अवस्था दोनच होत्या, कच्चा आणि प्रसिद्ध. बाईंनी पहिल्याच आठवड्यात मधे तिसरी मागितली: 'चाखलं'. पदार्थ ऑफिसात शिजणार, लिहिणारीला सोडून दुसरं कुणीतरी तो चाखणार, आपल्या नावानं खूण करणार आणि मगच पाककृती लोकांपुढे जाणार. मी वैतागले. त्या काळी असलं काही जोडायचं म्हणजे नाकी नऊ यायचे.

"कावून पण, बाई? तुमी केलेलं कोण तपासणार?"

बाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. स्कूटरवरून पडून डोक्याला मार लागल्यापासून त्यांची वास घेण्याची शक्ती गेली होती आणि त्याबरोबर चवही. हातांना सगळं आठवत होतं, जिभेला काही कळत नव्हतं. "माझ्यामुळं दुसऱ्या बाईचं कालवण कावून बिघडावं?" एवढंच म्हणाल्या. मालकांना हे माहीत नव्हतं. कळलं तर काम जाईल याची धास्ती त्यांना होती, आणि मलाही.

मी ती अवस्था बसवली. लिहिणारीला स्वतःच्या लेखावर खूण करताच येणार नाही, असा नियमही घातला. चाखायला खालच्या दुकानाच्या काकू यायच्या. महादेवाच्या भक्त, सोमवार सोडला तर कधीही चाखायला तयार. त्या बोलायच्या तसंच मी शेऱ्यात टाकायची. 'मीठ हाय. लसूण न्हाई म्हनल्यासारखा.' बाई तो शेरा वाचून पुन्हा कढई चढवायच्या. स्वतः मात्र तिथलं काही खात नसत. "मला काय, भूस खाल्लं तरी तेच," असं हसून म्हणायच्या. इतक्या स्वच्छपणे स्वतःची उणीव घेऊन काम करणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. मला त्यांचा अभिमान वाटायचा आणि कधीकधी रागही यायचा, कारण आमची गाडी बैलगाडीच्या वेगानं चालली होती.

मालकांनी वेबसाइट येळवसेला सुरू करायचं ठरवलं होतं. येळवस म्हणजे मार्गशीर्ष अमावास्या; त्या दिवशी आमच्याकडे गाव ओस पडतं, झाडून सगळे शेतात जेवायला जातात. बाईंनी फोनवर सांगितलं, "त्या दिवशी वाचायला घरी कोन राहतंय, साहेब? शेतातल्या जेवणाला आंबील लागते, तिची कृती आदल्या दिवशी पायजे." म्हणून मुहूर्त अलीकडे आला आणि मालक स्वतः आले. पहिला लेख आंबिलीचा होता, मी आणि बाईंनी मिळून लिहिलेला. त्यामुळे खूण आम्हा दोघींनाही करता येईना. काकू सणासाठी सासरच्या गावी गेलेल्या.

मालक पडद्याकडे बघून म्हणाले, "ही मधली पायरी कशाला? काढता येते ना?"

"येते," मी म्हणाले. एका टिचकीचं काम होतं.

"मग काढा. अशानं लेख साठत नाहीत. पुण्यात हेच काम झपाट्यानं होईल."

मी बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "काढू नका, साहेब. मला चव लागत न्हाई. आधीच सांगायला पायजे होतं." आणि स्कूटरवरून पडल्यापासूनचं सगळं सांगून टाकलं.

मग बाईंनी आंबिलीचा पेला भरून मालकांपुढे ठेवला. ते घोटभर प्यायले. "छान आहे."

"छान नका सांगू. मीठ कसं हाय?"

ते जरा घुटमळले. "थोडं कमी वाटतंय."

मी कपाळावर हात मारून घेतला. बाईंनी लेख सरळ पुन्हा कच्च्यात टाकायला लावला, मालक समोर असताना, मुहूर्ताच्या दिवशी. मीठ वाढवलं, लेखातलं प्रमाण बदललं, पुन्हा पेला भरला. या खेपेला मालकांनी पेला रिकामा केला. मग माझ्या खुर्चीत बसले, स्वतःच्या नावानं खूण केली, आणि लेख गेला.

जिना उतरताना त्यांनी विचारलं, "एरवी चाखायला कोण असतं?"

"खालच्या काकू."

"त्यांना पगारावर घ्या. त्यांच्याशिवाय इथलं काम कसं चालायचं?"

गाडी गेल्याचा आवाज आला. बाई खिडकीशी शेगडीजवळ गेल्या. मग त्यांनी उरलेली आंबील दोन पेल्यांत ओतली आणि त्यातला एक स्वतः घेतला.

"सांग बरं, कशी झाली?"

"आंबट हाय," मी म्हणाले. "लसूण आधी लागतो. जिरं मागनं येतं."

मी सांगत गेले, आणि बाई डोळे मिटून एकेक घोट पीत गेल्या.