दहा लाख एक

नारळ फोडल्याचा वास आला की मला बुटीबोरीतल्या कंपनीच्या गेटवरची पत्र्याची केबिन आठवते. बायकांसाठी संडास मागणारी आमच्या संघटनेची पत्रकं वाटली म्हणून मला आणि तिथल्या एका कामगार ताईंना तिच्यात कोंडलं होतं. 'मागणी खोटी आहे' असं लिहिलेल्या कागदावर सही केल्याशिवाय सुटका नाही, म्हणे! पत्रा तापलेला, पंखा बंद, आणि म्हातारा गार्ड वहीत आकडेमोड करत बसलेला. मी तावातावानं म्हणालो, "दहा लाख एकले कशानंच भाग जात नाही. गेला तर सही करतो, नाही तर सोडा." त्यानं तीन, सात, अकरा, तेरा लावून पाहिले. दर वेळी बाकी उरली. "काहून पैज लावली गा भाऊ?" ताई कुजबुजल्या. तेवढ्यात तो हसला, "पोरीच्या लग्नासाठी रामटेकले एकशे एक नारळ बोललो, तोच आकडा लावून पाहतो." भाग गेला, नऊ हजार नऊशे एक, बाकी शून्य. मी सही केली. ताईंनी पेन घेतलंच नाही. "पैज तुही होती, संडास आमचा हाय." मला सोडलं, त्या आतच राहिल्या. आजही आम्ही संडास मागितला की कंपनी तोच कागद पुढे करते. त्यावर एकच सही आहे, माझी.